परतफेडीच्या काळात मिळालेली भेट : कर्जदाराची की धनकोंची?

आपल्या देशात आर्थिक अडचण आली म्हणजे माणूस प्रथम नातलगांकडे वळतो. कोणी रोख रक्कम देते, कोणी दागिने मोडून देते, तर कोणी आपली वापरातील वस्तू कायमची देऊन टाकते. या साहाय्यात कायद्याचा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु साहाय्य घेणारी व्यक्ती कर्जाची परतफेड करीत असेल आणि मिळालेली वस्तू मोटारीसारखी किमती असेल, तर एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. ही भेट कर्जदाराची, की ज्यांचे पैसे थकले आहेत त्या धनकोंची? मालमत्ता कायदा, दिवाणी प्रक्रिया, नादारीचा कायदा आणि अर्थशास्त्र या चारही विषयांचा या प्रश्नाशी संबंध येत असल्याने स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासकांना तो उपयुक्त ठरावा.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. भोपाळमधील एका खासगी शाळेतील शिक्षिकेचे मासिक वेतन ४०,००० रुपये आहे. घरातील आजारपणासाठी घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचा तिचा हप्ता १५,००० रुपये आहे. शाळा घरापासून २५ किलोमीटर दूर आहे. तिच्या थोरल्या भावाने नवी मोटार घेतली आणि ३ लाख रुपये किमतीची आपली जुनी मोटार बहिणीला देण्याचे ठरविले. हीच भेट परतफेडीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर मिळाली तर काय घडेल, ते क्रमाने पाहू.

भेट पूर्ण केव्हा होते?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १२२ नुसार भेट म्हणजे अस्तित्वात असलेल्या मालमत्तेचे स्वेच्छेने व मोबदल्याविना केलेले हस्तांतरण होय. दात्याच्या हयातीत ती स्वीकारली जाणे आवश्यक असते. कलम १२३ नुसार जंगम मालमत्तेची भेट नोंदणीकृत दस्तऐवजाने किंवा नुसता ताबा देऊनही पूर्ण होऊ शकते. स्थावर मालमत्तेला मात्र नोंदणीकृत दस्तऐवजाशिवाय गत्यंतर नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातील भेटीचे नियम कलम १२९ ने अबाधित ठेवले आहेत.

मोटार ही जंगम मालमत्ता असली तरी तिच्या बाबतीत आणखी एक पायरी असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावे वाहनाची नोंदणी आहे तो मालक मानला जातो. कलम ५० नुसार मालकी बदलल्याची माहिती नोंदणी प्राधिकाऱ्याला द्यावी लागते. ही नोंद झाली नाही तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी जुन्या मालकावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले आहे. भावाच्या मोटारीवर वित्तसंस्थेचे नजरगहाण असेल, तर त्या संस्थेच्या संमतीविना नोंदणी बहिणीच्या नावे करता येत नाही.

कराचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. भेट कर अधिनियम, १९५८ अन्वये आकारला जाणारा कर १ ऑक्टोबर १९९८ पासूनच्या भेटींना लागू राहिला नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ५६ मध्ये पुढे भेटी घेणाऱ्यावर कर आला, पण भावंडांसह जवळच्या नातेवाइकांकडून मिळालेल्या भेटी त्यातून वगळल्या आहेत. आयकर अधिनियम, २०२५ मध्येही ही सूट कायम आहे. याचा अर्थ कर विभागाला या भेटीतून काही मिळावयाचे नाही. खरा प्रश्न आहे तो धनकोंचा.

पहिला टप्पा : हप्ते सुरळीत चालू असताना

हप्ते वेळेवर जात असतील तर भेट स्वीकारण्यास कोणताही अडथळा नाही. वैयक्तिक कर्ज हे बिनतारण कर्ज असते. बँकेचा हक्क कर्जदाराच्या वचनावर असतो, तिच्या विशिष्ट वस्तूवर नसतो. भावाने दिलेली मोटार या कर्जाला तारण दिलेली नाही. त्यामुळे पुढे हप्ते थकले तरी ती मोटार बँकेला परस्पर ओढून नेता येणार नाही. बँकेने नजरगहाण घेऊन कर्ज दिलेली मोटार आणि भेट मिळालेली बोजारहित मोटार यांतील हा भेद महत्त्वाचा आहे.

हप्ते जड होऊन कर्जाची पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड मागितली, की परिस्थिती थोडी बदलते. तडजोड करताना बँक काही रकमेवर पाणी सोडत असते. कर्जदाराची फेडण्याची खरी क्षमता किती, हे जाणून घेण्यासाठी ती उत्पन्न व मालमत्तेचे विवरण मागते. या विवरणातून मोटार वगळली, तर संपूर्ण तडजोड संशयास्पद ठरू शकते. मोटार नोंदवून ती कशासाठी लागते हे सांगणे अधिक सुरक्षित असते.

दुसरा टप्पा : हुकूमनामा आणि जप्ती

कर्ज थकले, दावा दाखल झाला आणि न्यायालयाचा हुकूमनामा निघाला, की धनकोला कर्जदाराच्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. काय जप्त करता येते व काय नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये दिले आहे. आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावरून उतरविता न येणारे दागिने, कारागिरांची हत्यारे, तसेच शेतकऱ्याची अवजारे आणि उपजीविकेस आवश्यक गुरे व बियाणे यांना संरक्षण आहे. वेतनातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश यांनाही पोटगीखेरीज अन्य हुकूमनाम्यांच्या बजावणीत संरक्षण मिळते. आपल्या उदाहरणातील संपूर्ण वेतन या हिशेबात धरले, तर ४०,००० पैकी २७,००० रुपये सुरक्षित राहतात आणि १३,००० रुपये जप्तीस पात्र ठरतात.

या यादीत कामावर जाण्यासाठी लागणाऱ्या खासगी मोटारीचा उल्लेख नाही. १९०८ साली तो असण्याचे कारणही नव्हते. त्यामुळे मोटार बहिणीच्या नावे झाल्यानंतर ती जप्तीच्या कक्षेत येते. ती भेट म्हणून मिळाली या कारणाने तिला वेगळे संरक्षण नाही.

भेट लपविण्याचा मार्गही निर्धोक नाही. पैशाचा हुकूमनामा ३० दिवस अपूर्ण राहिल्यास आदेश २१, नियम ४१ अन्वये न्यायालय कर्जदाराकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागू शकते. ते न दिल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. केवळ पैसे नाहीत म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले. ते संरक्षण असमर्थ कर्जदारासाठी आहे. ऐपत असूनही न देणाऱ्याला किंवा मालमत्ता दडविणाऱ्याला ते मिळत नाही.

मात्र भावाने मोटारीची मालकी स्वतःकडेच ठेवून बहिणीला केवळ वापरण्यास दिली, तर ती बहिणीची मालमत्ता होत नाही. तिच्यावर चुकून जप्ती आली तरी भावाला आदेश २१, नियम ५८ अन्वये हरकत घेता येते. ही व्यवस्था खरी असली पाहिजे. बहिणीच्याच पैशाने घेतलेली मोटार भावाच्या नावे दाखविली, तर प्रश्न बेनामी व्यवहाराचा होतो आणि बेनामी व्यवहारांस प्रतिबंध करणारा १९८८ चा अधिनियम जंगम मालमत्तेलाही लागू आहे.

तिसरा टप्पा : नादारी

कर्ज फेडणे अशक्यच झाले तर व्यक्तीला नादार घोषित करण्याची व्यवस्था कायद्यात आहे. यासाठी ब्रिटिश काळातील दोन अधिनियम आहेत. कोलकाता, मुंबई व चेन्नई या तत्कालीन इलाखा शहरांसाठी १९०९ चा, तर उर्वरित प्रदेशासाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम. भोपाळच्या शिक्षिकेला दुसरा लागू होईल.

१९२० च्या अधिनियमातील कलम २८ चे चौथे पोटकलम आपल्या प्रश्नाला थेट उत्तर देते. नादार घोषित झाल्यापासून ऋणमुक्तीचा आदेश मिळेपर्यंत त्या व्यक्तीने जी मालमत्ता संपादन केली किंवा तिच्याकडे जी आली, ती तत्काळ न्यायालयाकडे किंवा प्रापकाकडे निहित होते. दिवाणी प्रक्रिया संहितेने जप्तीतून वगळलेल्या वस्तूंनाच यातून सूट आहे. म्हणजे भावाने प्रेमाने दिलेली मोटार बहिणीच्या नावे होताच धनकोंच्या वाट्याची झाली. १९०९ च्या अधिनियमात तर हत्यारे, कपडे, भांडी व घरसामान मिळून ३०० रुपयांपर्यंतच्याच वस्तू नादाराकडे राहू देण्याची तरतूद आहे. शतकापूर्वीच्या रुपयाचे हे मोजमाप आजच्या संसाराला लावले तर काय उरेल, याची कल्पना वाचकच करू शकतील.

२०१६ च्या संहितेतील बदललेली दृष्टी

नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ ची ओळख बहुतेकांना कंपन्यांच्या संदर्भात असते. तिचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. त्यात तीन मार्ग दिले आहेत.

पहिला मार्ग ‘नवी सुरुवात’ प्रक्रियेचा. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० रुपयांपर्यंत, पात्र कर्जे ३५,००० रुपयांपर्यंत आणि स्वतःचे घर नाही, अशा व्यक्तीसाठी ही कर्जमाफीची वाट आहे. आर्थिक परिस्थितीतील बदल कळविण्याचे बंधन कर्जदारावर असते आणि त्या बदलामुळे पात्रता संपल्यास आदेश मागे घेतला जाऊ शकतो. इतक्या कमी मर्यादेत एखादी मोटार भेट मिळणे म्हणजे बहुधा पात्रता धोक्यात येणे होय.

दुसरा मार्ग परतफेड योजनेचा. निराकरण व्यावसायिकाच्या मदतीने कर्जदार योजना तयार करतो. मतदान करणाऱ्या धनकोंपैकी मूल्याने तीन-चतुर्थांशाहून अधिकांची तिला संमती लागते. या मार्गात नंतर मिळालेल्या भेटीचे काय करायचे, हे प्रामुख्याने योजनेच्या अटींवर अवलंबून राहील.

तिसरा मार्ग दिवाळखोरीचा. येथे संहितेने १९२० च्या ‘तत्काळ निहित होणे’ या तत्त्वाऐवजी अधिक मोजूनमापून केलेली रचना स्वीकारली आहे. दिवाळखोर व्यक्तीने नवी मालमत्ता मिळाल्याचे सात दिवसांत विश्वस्ताला कळवावयाचे असते. कलम १५९ नुसार विश्वस्ताला ती माहिती मिळाल्यापासून १५ दिवसांत नोटीस देऊन त्या मालमत्तेवर हक्क सांगता येतो. ऋणमुक्तीनंतर मिळालेल्या मालमत्तेवर तसेच ‘वगळलेल्या मालमत्ते’वर तो हक्क सांगता येत नाही. वगळलेल्या मालमत्तेच्या व्याख्येत, म्हणजे कलम ७९ मध्ये, व्यक्तिगत वापरासाठी किंवा नोकरी, धंदा, व्यवसाय यांसाठी आवश्यक अशा बोजारहित वाहनांचा स्पष्ट उल्लेख आहे. ऋणमुक्तीही साधारणतः एका वर्षात मिळते.

आपल्या शिक्षिकेला ही संहिता लागू असती, तर मोटार कामावर जाण्यासाठी आवश्यक असल्याचे दाखवून ती स्वतःकडे ठेवण्याची तिला संधी होती. परंतु तिसरा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनी कर्जदारांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता लागू करण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ललित कुमार जैन प्रकरणात ही अधिसूचना वैध ठरविली. अन्य व्यक्तींसाठी तो भाग लागू झालेला नसल्याने जुने दोन अधिनियमच उरतात. त्यामुळे कंपनीच्या कर्जाला हमी देणाऱ्या उद्योगपतीला आवश्यक वाहनाचे जे संरक्षण मिळू शकते, ते आजारपणासाठी कर्ज काढणाऱ्या शिक्षिकेला मिळत नाही. या विषयातील खरी विसंगती ही आहे.

अन्य देशांतील मार्ग

इंग्लंडच्या १९८६ च्या नादारी अधिनियमाशी आपल्या संहितेचे साम्य ठळक आहे. तेथेही विश्वस्ताला नंतर मिळालेल्या मालमत्तेवर नोटीस देऊन हक्क सांगावा लागतो व त्यासाठी ४२ दिवसांची मुदत आहे. नोकरी-व्यवसायासाठी आवश्यक वाहन सोडले जाते. ते फार महाग असेल तर विकून साध्या वाहनापुरती रक्कम कर्जदाराला देण्याची सोय आहे. अल्प मालमत्ता असणाऱ्यांसाठीच्या ‘ऋण दिलासा आदेशा’त ठेवता येणाऱ्या वाहनाची मूल्यमर्यादा २८ जून २०२४ पासून २,००० वरून ४,००० पौंडांवर नेण्यात आली.

अमेरिकेत उत्तर प्रकरणानुसार बदलते. संहितेच्या सातव्या प्रकरणाखाली मालमत्ता विकून कर्जमुक्ती दिली जाते. तेथे अर्जानंतर मिळालेली भेट सामान्यतः कर्जदाराचीच राहते, मात्र १८० दिवसांच्या आत मिळालेला वारसा धनकोंकडे जातो. तेराव्या प्रकरणाखाली तीन ते पाच वर्षांची परतफेड योजना असते आणि त्या काळात संपादन केलेली मालमत्ता प्रक्रियेच्या कक्षेत येते. आपल्या भविष्यातील उत्पन्नातून फेड करण्याचे वचन देणाऱ्याने भविष्यातील लाभही उघड केला पाहिजे, असा त्यामागील तर्क आहे.

उलट दिशेची भेट

कर्जदाराला मिळालेल्या भेटीपेक्षा त्याने दिलेल्या भेटीकडे कायदा अधिक संशयाने पाहतो. नादारी जवळ आल्यावर मोटार भावाच्या किंवा पत्नीच्या नावे करून देण्याचा मोह अनेकांना होतो. १९२० च्या अधिनियमातील कलम ५३ नुसार, हस्तांतरणानंतर दोन वर्षांत दाखल झालेल्या अर्जावर ती व्यक्ती नादार ठरल्यास असे विनामोबदला हस्तांतरण रद्द करता येते. २०१६ च्या संहितेनेही कलम १६४ मध्ये दोन वर्षे मागे जाऊन भेटी तपासण्याची तरतूद केली आहे. भेट स्वीकारणाऱ्या नातेवाइकांनीही हे ध्यानात ठेवणे इष्ट होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने

मोटार ही मालमत्ता असली तरी ती खर्चाचा प्रवाहही सोबत आणते. शिक्षिकेचा रोजचा प्रवास ५० किलोमीटर. महिन्याचे २४ दिवस धरले तर १,२०० किलोमीटर. लिटरला १८ किलोमीटर आणि इंधनाचा दर १०० रुपये गृहीत धरल्यास सुमारे ६,७०० रुपये होतात. बसचा खर्च २,४०० रुपये वाचला असे मानले तरी ४,३०० रुपयांचा जादा भार पडतो. विमा व दुरुस्ती वेगळीच. घरखर्च २१,००० रुपये असेल तर हप्ता भरून तिच्याकडे ४,००० रुपयेच उरतात. फुकट मिळालेली मोटार हप्ता चुकविण्यास कारण ठरू शकते ती अशी.

दुसरा हिशेब संधी-खर्चाचा. भावाने मोटार विकून ३ लाख रुपये कर्जात भरण्यास दिले असते, तर १५ टक्के दराने वर्षाचे ४५,००० रुपये व्याज वाचले असते, म्हणजे महिन्याला ३,७५० रुपये. याउलट मोटारीमुळे प्रवासाचे दोन तास वाचून शिकवणीचे उत्पन्न वाढणार असेल, तर ती ठेवणे फायद्याचे ठरेल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ मध्ये नाताळच्या भेटींसंबंधी लिहिताना वस्तुरूप भेटीचे मूल्य घेणाऱ्याच्या लेखी तिच्या किमतीपेक्षा एक-दशांश ते एक-तृतीयांशाने कमी असते, असे दाखविले होते. कर्जदाराच्या बाबतीत हे अंतर अधिक जाणवते.

तिसरा मुद्दा प्रोत्साहनाचा. नव्या लाभाचा मोठा वाटा जुन्या धनकोंकडेच जाणार असेल तर नवी गुंतवणूक करण्यास कोणी पुढे येत नाही. स्ट्यूअर्ट मायर्स यांनी १९७७ मध्ये कंपन्यांच्या संदर्भात मांडलेली ही समस्या ‘कर्जभाराचे सावट’ म्हणून ओळखली जाते. कुटुंबालाही ती लागू पडते. बहिणीला दिलेली मोटार उद्याच प्रापकाकडे जाणार असेल, तर भाऊ ती देणारच नाही. मग बहिणीची कमावण्याची शक्ती वाढत नाही आणि धनकोंनाही काही मिळत नाही. याउलट प्रत्येक भेटीला संपूर्ण सूट दिली, तर श्रीमंत नातलगांच्या नावाने मौज करीत कर्ज बुडविण्यास वाट मिळेल. ‘आवश्यक वाहन’ ही कसोटी या दोन टोकांमधील तोल साधते. उपजीविकेचे साधन कर्जदाराकडे राहते आणि चैनीची वस्तू धनकोंकडे जाते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की भेटीचे भवितव्य तीन गोष्टींवर ठरते : कर्जदार परतफेडीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, मिळालेली वस्तू उपजीविकेसाठी आवश्यक आहे काय, आणि ती प्रामाणिकपणे उघड केली आहे काय. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देशागणिक व कायद्यागणिक वेगळी आहेत. तिसऱ्याच्या बाबतीत सर्वत्र एकवाक्यता आढळते. कर्जदाराकडे काही असणे हा अपराध नाही, ते दडविणे मात्र महागात पडते.

कुटुंबाने व्यवहारात तीन दक्षता घ्याव्यात. भेट देण्यापूर्वी कर्जाची स्थिती विचारावी. नादारीची कार्यवाही चालू असेल तर मालकी देण्याऐवजी वापर देण्याचा विचार करावा आणि तो लेखी नोंदवावा. वाहनाच्या मासिक खर्चाचा हिशेब आधी मांडावा.

धोरणकर्त्यांपुढील काम याहून मोठे आहे. गृहकर्ज, शैक्षणिक कर्ज, वैयक्तिक कर्ज यांचा विस्तार सामान्य कुटुंबांपर्यंत झाला, परंतु त्या कर्जांतून बाहेर पडण्याची कायदेशीर वाट मात्र १९०९ व १९२० च्या अधिनियमांपाशीच थांबली आहे. २०१६ च्या संहितेचा तिसरा भाग, त्यातील मर्यादा काळानुरूप करून, सर्व व्यक्तींना लागू झाल्यास नातलगांचा आधार आणि धनकोंचा हक्क यांचा मेळ घालता येईल. तोवर कामावर जाण्यासाठी मिळालेली मोटार नादार शिक्षिकेकडे राहील की नाही, याचा निर्णय मोटारी दुर्मीळ होत्या त्या काळातील कायदा करीत राहील.